दुसऱ्या टोकाला कोणी नाही

मित्रांनो, संगणक प्रयोगशाळेच्या लोखंडी कपाटात, बिघडलेल्या कीबोर्डांच्या ढिगाखाली, मी एक जुनी सुती दोरी पडून आहे. जेमतेम दोन हात लांब. अंगावर शाईचे डाग, एका टोकाला गाठ. एवढुश्या दोरीला कसलं आलंय चरित्र, असं म्हणू नका. घटकाभर बसा. मी फार दिवसांत कोणाशी बोललेले नाही.

तीन पदर एकमेकांत पिळून कारागिराने एक लांबलचक दोरी वळली, तिचा मी भाग. मला वाटलं होतं, आपण विहिरीवर जाऊ, नाहीतर एखाद्या पाळण्याला लागू. पण दुकानातून एका सरांनी आम्हांला उचललं आणि थेट अभियांत्रिकी महाविद्यालयात आणलं. तिथे टेबलावर कात्रीने आमचे वीस तुकडे केले. प्रयोगशाळेचे शिपाईमामा बघतच राहिले.

“सर, इथं कपडे वाळत घालायचेत की काय?”

“नाही मामा, पोरं ओवायचीत.”

आणि खरंच ओवली! सर लिंक्ड लिस्ट शिकवत, म्हणजे संगणकात माहितीचे तुकडे साखळीसारखे एकापुढे एक जोडून ठेवायची रीत. पुस्तकात ती चौकटींची आणि बाणांची असते. सरांच्या वर्गात ती हाडामांसाची असे. मुलं रांगेत उभी राहत. प्रत्येकाच्या गळ्यात एक आकडा आणि हातात एक दोरी, जिचं दुसरं टोक पुढच्याच्या हातात. सरांना पत्ता ठाऊक फक्त पहिल्याचा. बाकी कोणाकडे जायचं तर दोरी धरत धरत, एकेकाला विचारतच जायचं. मध्ये नवा माणूस घालायचा असेल तर नव्याने आधी पुढच्याला धरायचं, मगच मागच्याने आपली दोरी सोडवून नव्याच्या हाती द्यायची. आधी सोडलं, की पुढची सगळी रांग हरवली! हरवलेल्यांनी व्हरांड्यात जाऊन उभं राहायचं, कोणी परत जोडून घेईपर्यंत.

शेजारच्या वर्गाचे प्राध्यापक दारात थांबून म्हणत, “इंजिनियर घडवताय की बालवाडी चालवताय?” सर हसत आणि पुढच्याच्या हाती दोरी देत.

आता माझं सांगते. मी त्या वीस जणींत शेवटची, उरल्यासुरल्याची, म्हणून आखूड. रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या हातात मी असायचे, आणि माझं दुसरं टोक कोणालाच द्यायचं नाही, असा नियम. ते मोकळं लोंबतंय यावरूनच कळायचं, की रांग इथं संपली. बाकीच्यांना दोन-दोन हातांची ऊब. मला एकाच हाताची. देवाने नेमून दिलेलं काम ते, तक्रार कशी करू? पण वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तो एक हात बहुतेक वेळा काकूंचा असे. काकू म्हणजे वर्गातली एक विद्यार्थिनीच. पंधरा वर्षं कारखान्यात यंत्रांवर काम करून त्या शिकायला आल्या होत्या. याच विषयात एकदा नापास झालेल्या. या वेळीही गेला असता तर पुढच्या वर्षाचं दार बंद. मुलं त्यांना “काकू, काकू” करत. आदर होता हो, पण आदराला बाकावर सरकून जागा द्यावी लागत नाही. चौघांचे गट पाडले की काकू पाचव्या. रांग केली की काकू शेवटी.

एका दुपारी वर्गातल्या सगळ्यांत हुशार मुलीने घाईत दोरी आधी सोडली. वर्ग ओरडला, “गेले, गेले!” पुढचे तिघे हरवले: लंबू म्हणून ओळखला जाणारा एक उंच मुलगा, एक चष्मेवाली आणि काकू. तिघं व्हरांड्यात गेले. आत सर फळ्यावर ती चूक समजावून सांगण्यात इतके रंगले, की घंटा झाली तरी बाहेरच्यांची आठवण राहिली नाही.

“काकू, सुटलो! सर विसरले आपल्याला,” म्हणत लंबूने दोरी खिडकीत टाकली आणि मित्रांमागे धूम ठोकली. चष्मेवालीही गेली.

काकू तिथेच. त्यांच्या मुठीत माझ्यासोबत घडी केलेला एक कागद होता. महाविद्यालयातून नाव काढून घेण्याचा अर्ज. तास संपला की कार्यालयात द्यायचा, असं ठरवूनच त्या आल्या होत्या. पण पाय निघेना. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग पायरीवर बसल्या, अर्ज उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रांगेच्या चौकटी आणि बाण काढू लागल्या.

सर कुलूप घेऊन बाहेर आले आणि चपापले. “अहो, तुम्ही अजून इथं? चुकलं माझं. साफ विसरलो.”

“असू द्या सर. एक विचारू? आम्ही हरवलो म्हणालात. पण आम्ही तर एकमेकांना धरूनच होतो. कुठं गेलोच नव्हतो. आमच्याकडे यायची वाट तेवढी तुमच्या हातून सुटली.”

सर शेजारी बसले. “इतकी वर्षं शिकवतोय, पण हे असं मला कोणी सांगितलं नव्हतं.” त्यांनी कागद घेतला.

“ती बाजू नका वाचू, सर. मागची तपासा.”

सरांनी तपासली. तपासता तपासता, नकळत, त्यांनी माझं मोकळं टोक बोटाला गुंडाळलं. मित्रांनो, दोन माणसांमध्ये मी तेवढीच एकदा होते.

“बाण बरोबर आहेत. आधी धरलंय, मग सोडलंय. आणि ही पुढची बाजू?”

“ती चुकलीय बहुतेक,” काकू म्हणाल्या.

त्या वर्षी काकू उत्तीर्ण झाल्या. त्याआधीच्या तासांना मुलं त्यांना रांगेत मध्ये घेऊ लागली होती, त्यामुळे मी दुसऱ्या कोणाच्या हाती गेले होते. आनंद झाला मला. करमलं मात्र नाही. मग सर दुसरीकडे गेले. आता पडद्यावर चौकटी आपोआप सरकतात, मुलं बसल्या जागी बघतात. माझ्या बहिणींनी वायरी बांधल्या गेल्या. मी त्यालाही आखूड पडले.

नव्या यंत्रांवर माझा राग नाही. मला बाहेर काढा, असंही म्हणत नाही. तुमच्यातलं कोणी उद्या शिकवायला उभं राहील, म्हणून एवढंच मागते. घंटा झाली की निघण्याआधी एकदा व्हरांड्यात डोकावून बघा. कोणी उभं असेल तर हाक मारा. त्याला कळलेलं नाही, असं समजू नका. तुमचंच त्याच्यापर्यंत जायचं राहिलेलं असेल.