उचलबांगडी

शाळा बुडवणाऱ्या पोराची चार दांडग्या पोरांकरवी हातपाय धरून उचलबांगडी करायची, ही त्या काळी सर्रास रीत होती. लोक ती वरात बघून पोट धरून हसायचे. बेलापूरजवळच्या वस्तीवरची राहीबाईही हसायची. तिच्या आसारामची पाळी आली, तेव्हा मात्र तिचं हसू पार पळालं.

नऊ वर्षांचं पोर, गुरुजींच्या छडीच्या धाकानं कणगीमागं लपलं होतं. त्याला तसंच उचलून नेलं. दुसऱ्या दिवसापासून शाळेची घंटा ऐकली की त्याला उलट्या व्हायच्या. बोलणं तर बंदच झालं. असे दोन महिने गेले. त्याचा बाप मच्छिंद्र माणूस वाईट नव्हता, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. पोराला बाहेरचं लागलंय म्हणाला आणि अमावास्येला मिरच्यांची धुरी द्यायला देवऋषी ठरवून आला. राहीबाईचा जीव थाऱ्यावर राहीना. आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंनी तिला सांगितलं, नगरच्या दवाखान्यात दर गुरुवारी पुण्याहून मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई येतात. त्यांना दाखवायला पोराची आणि धुरीची सगळी हकीकतही लिहून दिली.

"जाऊन ये गुरवारी," मच्छिंद्र म्हणाला. "पोरगं बोललं तर ठीक. न्हाई तर शुक्रवारी अवस हाय. मंग मी कुनाचं ऐकायचा न्हाई."

मायलेक एसटीनं नगरला आली. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत पाय ठेवताच आसाराम कपाटामागच्या फटीत शिरला. शिपाई त्याला ओढायला पुढं झाला.

"हात लावू नका त्याला! तुम्ही बाहेर जा," बाई म्हणाल्या, आणि पदर खोचून स्वतः फरशीवर बसल्या. "राहीबाई, त्या दिवशी काय झालं?"

"पोरं आली, घिऊन गेली. दुसरं काय?"

"लपलेला होता ना? मग सापडला कसा?"

ही गोष्ट राहीबाईनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती. खोटं बोलावं तर फटीतून पोरगं ऐकत होतं, आणि त्याला सगळं ठाऊक होतं. बाई काही घाई करीनात.

"म्या दावलं," ती शेवटी म्हणाली. "सांगू नगं म्हनून त्यो माझ्याकडं बघून मान हालवत हुता. तरी म्या हात केला. मला अक्षर येत न्हाई, त्येला तरी यावं म्हनून, बाई! आसाराम, चुकलं रं माझं." तिला रडू आवरेना. इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती.

कपाटामागं काहीच हालचाल झाली नाही.

"दोघं दर गुरुवारी येत जा," बाई म्हणाल्या. "तो लगेच बोलेल असं नाही."

"आन उद्याची धुरी?"

बाईंनी कागद ओढला, गुरुजींच्या नावे चिठ्ठी लिहिली आणि ती फरशीवरून फटीपाशी सरकवली. "आसाराम, यात तुझ्याबद्दल लिहिलंय. आधी तू वाच. काही चुकलं असेल तर दुरुस्त करू."

कागद आत गेला. बऱ्याच वेळानं घोगरा, अडखळता आवाज आला. "या मुलाला... कोणीही उचलून आणू नये. तो तयार होईल तेव्हा... आईबरोबर चालत येईल."

राहीबाईनं तोंडावर पदर दाबला. पोरगं बोललं होतं! धुरी टळली होती.

"बरोबर आहे?" बाईंनी विचारलं.

"न्हाई."

"काय बदलू?"

"आईबरुबर खोडा."

बाईंनी राहीबाईकडं पाहिलं. तिनं डोळे पुसले.

"खोडा, बाई," ती म्हणाली.