कोऱ्या कार्डाचं पुस्तक

बाइंडरकाकांनी ग्रंथालयात चाळीस वर्षं पुस्तकं शिवली, पण वाचलं एकही नाही. तरी चांगलं पुस्तक कुठलं हे विचारायला लोक त्यांच्याकडेच येत. काका नुसता पुस्तकाचा कणा चाचपून सांगत, आणि आजवर एकदाही चुकले नव्हते. निदान त्यांचं म्हणणं तरी तसंच होतं.

नव्या ग्रंथपालबाईंनी एका दाईचं आत्मचरित्र रद्दीत काढलं. "दहा वर्षांत कुणी घरी नेलेलं नाही. कार्ड कोरं आहे."

काकांनी कणा दाबला. "शिवण पार ढिली झालीय, बाई. हे हजारदा उघडलंय."

"कुणी? दाखवा. चारला रद्दीवाला येतोय."

काकांची अब्रू पणाला लागली. त्यांनी पुस्तक जागेवर ठेवलं आणि दोघं कपाटाआड थांबली. तीनला झाडूवाल्या मावशी आल्या, पुस्तक काढलं आणि उभ्यानेच वाचू लागल्या.

"मावशी, घरी का नेत नाही?" बाईंनी पुढे येऊन विचारलं.

"घरी सासूबाई आधी वाचतात आणि मला शेवट सांगून टाकतात."

बाईंनी पुस्तक हातात घेऊन सहज एक पान उघडलं. चारला रद्दीवाला येऊन ताटकळला, तरी त्या उभ्याच होत्या. काकांनी सुईत जाड दोरा ओवायला घेतला.