प्रतोदांचा चष्मा

सभागृहाच्या मधोमध एक लांब टेबल आहे. मी इथली प्रतिवेदक, म्हणजे तिथे बसून लोकांचं बोलणं लिहिते. आमदार जे काही बोलतील ते लघुलिपीत उतरवायचं, हसले तर कंसात ‘हशा’ आणि ओरडले तर कंसात ‘गोंगाट’ लिहायचं. स्वतः मात्र भुवईसुद्धा उचलायची नाही. “चेहरा घरी ठेवून यायचा,” असं आमच्या साहेबांनी नोकरीच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं. माझ्यासारख्या नाकावर राग घेऊन फिरणाऱ्या बाईला हे किती जड जातं, ते माझं मला ठाऊक.

त्या दिवशी तर मी जीव मुठीत धरून बसले होते, आणि त्याला कारण होती ताई.

माझी ही थोरली बहीण वाद्यं दुरुस्त करते. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं बाक, पकडी, सरसाचं भांडं, पितळेच्या नळ्या आणि पोट उघडून ठेवलेली दोन-चार अकॉर्डियनं असतात. मागच्या खोल्यांत आम्ही दोघी राहतो. बाबा गेल्यापासून सगळा कारभार तिचाच. तिला वाजवता म्हणाल तर काही येत नाही. वाद्य बरं झालं की ती त्यावर एकच लांबलचक सूर काढते आणि हाक मारते, “झालं गं!” मग मी कुठेही असले, न्हाणीघरात तोंडाला साबण लावून असले, तरी “ऐकलं!” म्हणून ओरडायचं. मी ओरडेपर्यंत ती वाद्य खाली ठेवत नाही. लहानपणापासूनचा रिवाज आहे आमचा.

या खोलीवर नगरपालिकेची नोटीस आली होती. रहिवासी भागात धंदा चालतो, महिनाअखेर बंद करा, नाहीतर सील ठोकू. ताईनं दुसरीकडे गाळा घ्यायचा म्हटलं, तर परवडणारा गाळा शहरात उरलाच नव्हता. सील लागलं असतं तर तिचं काम संपलं असतं, आणि काम संपलेली ताई माझ्याच्यानं बघवली नसती. आता वाचवलं तर एका विधेयकानं वाचवायचं होतं. राहत्या घरात लहानसा हातकामाचा धंदा चालवायला परवानगी द्या, एवढंच त्यात होतं. ते आणलं होतं आमच्या भागाच्या अपक्ष आमदारबाईंनी. त्या पूर्वी शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणतात. त्या वर्गाकडे पाहावं तशाच सभागृहाकडे पाहतात.

सत्ताधारी पक्षाला हे विधेयक नको होतं. गावाबाहेर एक भलंमोठं व्यापारी संकुल उभं राहिलं होतं आणि त्यातले गाळे ओस पडले होते. गल्लीबोळातली दुकानं बंद पडल्याशिवाय ते भरणार नव्हते. संकुलाचे मालक निवडणुकीत कोणाकोणाचे खिसे गरम करून आले होते, ते शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

गंमत म्हणजे त्याच सकाळी देणग्यांचंच विधेयक चर्चेला होतं. निवडणुकीसाठी कोणाकडून किती घेतलं, ते प्रत्येक आमदारानं आपल्या कार्यालयाबाहेर फलकावर लावावं, असं त्यात म्हटलं होतं. एकजात सगळ्यांनी त्याची तोंड भरून स्तुती केली. एकजण म्हणाले, “अध्यक्ष महोदय, पारदर्शकता आमच्या रक्तातच आहे. पण रक्त काही कोणी बाहेर काढून दाखवत नाही!” मी कंसात ‘हशा’ लिहिलं आणि दात आवळले. इतकी स्तुती झाल्यावर ते विधेयक समितीकडे पाठवण्यात आलं. म्हणजे माळ्यावर टाकलं.

मग आमचं विधेयक आलं. “दुसऱ्या कोणाला बसवू का?” साहेबांनी कानाशी येऊन विचारलं. त्यांना ताईचं माहीत होतं. मी मान हलवून नाही म्हटलं. जे व्हायचं ते माझ्याच हातानं लिहीन, असं मी ठरवलंच होतं. वर प्रेक्षकांच्या सज्जात ताई ठेवणीतली साडी नेसून ताठ बसली होती. एका बँडवाल्याचं ट्रम्पेट तिला परतीच्या वाटेवर पोचवायचं होतं, पण फाटकावरच्या पहारेकऱ्यानं ते ठेवून घेतलं होतं. “वाद्य आत नेता येत नाही,” तो म्हणाला म्हणे. तिनं विचारलं, “आणि आत जो गोंगाट चालतो, तो?”

आता प्रतोदांविषयी सांगायला हवं. पक्षाच्या आमदारांनी कुठे ‘हो’ म्हणायचं आणि कुठे ‘नाही’, हे सांभाळणारा माणूस म्हणजे प्रतोद. सत्ताधाऱ्यांचे प्रतोद पहिल्या रांगेत बसतात. त्यांची सोपी खूण आहे. मत घ्यायच्या वेळी चष्मा काढला की ‘हो’, नाकावर राहिला की ‘नाही’. मागचे लोक खुशाल मोबाइल चाळतात, पेंगतात, आणि अध्यक्षांचा आवाज चढला की माना वर करून चष्मा बघतात. विधेयक कशाचं आहे ते विचारायची गरजच पडत नाही.

चर्चा झाली आणि शेवटचं उत्तर द्यायला मास्तरीणबाई उठल्या. चष्मा प्रतोदांच्या नाकावर घट्ट होता.

“माझ्या भागातल्या एका बाईंची गोष्ट सांगते,” त्या म्हणाल्या. “वाद्यं दुरुस्त करतात. नगरपालिकेचा माणूस आला आणि म्हणाला, तुमच्या घरातून वाद्यांचे आवाज येतात अशी तक्रार आहे. बाई म्हणाल्या, अहो, आवाज येतात म्हणजे दुरुस्त झाली! येईनासे झाले तर तक्रार करा, मी पैसे परत देईन!”

सगळं सभागृह हसलं. हसू ओसरलंही, पण प्रतोदांचं ओसरेना. एरवी सुतकी चेहऱ्यानं बसणारा हा माणूस, पण एकदा बांध फुटला की संपलं. खांदे गदगदायला लागले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी रुमाल काढला. आणि डोळे पुसायला चष्मा उतरवला.

अध्यक्षांना चहाची घाई होती. “विधेयक संमत करावं, या मताचे जे असतील त्यांनी ‘हो’ म्हणावं!”

मागच्या माना वर झाल्या. चष्मा नाही. “हो!” असा दणका उठला की माझ्या टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरला.

“विरुद्ध असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावं.”

“नाही!” एकटे प्रतोद ओरडले. चष्मा धड कानावर बसेना. “अहो, नाही, नाही!”

“संमत झालं,” अध्यक्ष म्हणाले.

“मतविभागणी घ्या!” प्रतोद ताडकन उठले. “एकेकाला उभं करून मोजा!”

तशी मोजणी झाली तर विधेयक पडणार होतं. पण मास्तरीणबाई शांतपणे म्हणाल्या, “घ्याच. आणि जो ‘नाही’ म्हणायला उभा राहील, त्यानं संकुलाच्या मालकांकडून किती देणगी घेतली तेही लगे हाथ सांगावं. सकाळीच कळलं, पारदर्शकता सगळ्यांच्या रक्तात आहे.”

कोणी बुटाची नाडी बांधायला वाकलं, कोणी छताकडे बघू लागलं. पक्षाच्या नेत्यांनी प्रतोदांचा कोट धरून त्यांना खाली ओढलं. “बसा हो,” ते पुटपुटले. हे मी लिहिलं नाही. मला ऐकूच आलं नाही, असं समजा.

‘विधेयक संमत झाले’ एवढे तीन शब्द लिहिताना अक्षर असं नाचलं की नंतर मलाच लागेना. मी सज्जाकडे पाहिलं. ताईची जागा रिकामी होती. तिथे टाळ्या वाजवायला बंदी आहे, आणि तिच्या हातांना ते मानवण्यातलं नव्हतं.

माझी पाळी संपली. शेजारची सहकारी लिहायला बसली, मी वह्या आवरत होते. कोणीतरी गटारांच्या प्रश्नावर उभं राहिलं होतं. उकाड्यामुळे वरच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. आणि फाटकाच्या बाजूनं तो आला. ट्रम्पेटचा एकच लांब, सरळ, दम संपेपर्यंत ओढलेला सूर. गटारवाले थांबले. अध्यक्षांनी मान वळवली. सूर थांबला, क्षणभर गेला, आणि पुन्हा सुरू झाला. ताई वाट बघत होती.

मला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि चेहरा घरी राहिला नव्हता.

“ऐकलं!” मी ओरडले.

सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. साहेबांनी कपाळावर हात मारला, पण बोटांच्या फटीतून तेही हसत होते. मास्तरीणबाईंनी बाक वाजवलं. माझी सहकारी मान खाली घालून लिहीत होती. ऐकलेलं सोडायचं नाही, हा आमचा नियमच आहे. आजही त्या दिवशीच्या कामकाजात गटारांच्या मधोमध कंसात छापलेलं आहे: (प्रतिवेदकांच्या टेबलावरून: ऐकलं!)