पार्सल मिळालं, दुसरं पाठवू नका

‘तुमचं पार्सल दारात ठेवलं आहे’ असा मेसेज कांताबाईंच्या मोबाईलवर आला, तेव्हा कांताबाई दारातच उभ्या होत्या. सकाळचे दहा वाजलेले, एका हातात केरसुणी, दुसऱ्या हातात मोबाईल. त्यांनी पायपुसण्याकडे पाहिलं, चपलांच्या रॅककडे पाहिलं, जिन्यातही डोकावून घेतलं. यादवरावांच्या जुन्या सेफ्टी बुटांखेरीज तिथे काही नव्हतं. मेसेजखाली पुरावा म्हणून फोटो होता. फोटोत पार्सल होतं, दारही होतं. फक्त ते दार कांताबाईंचं नव्हतं.

दुसरं काही हरवलं असतं तर त्यांनी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण हे पार्सल त्यांनी यादवरावांनाही न सांगता मागवलं होतं, आणि येत्या शुक्रवारच्या आत ते हातात यायला हवं होतं.

कांताबाईंचा आवाज मुळातच हळू. त्यात रोज पहाटे बुद्धमूर्तीपुढे बसून पंचशील घेताना चौथ्या शीलापाशी त्या जरा जास्तच रेंगाळत. खोटं बोलायचं नाही, कठोर बोलायचं नाही. आणि मोठ्यानं बोललं की ते कठोर होणारच, ही जोड त्यांनी स्वतःची लावलेली. बहरीनमधल्या मुहर्रकमध्ये संसार मांडून बावीस वर्षं झाली, पण यादवरावांनी बायकोचा चढा आवाज एकदाही ऐकला नव्हता. विमानतळावर एसीच्या यंत्रांची देखभाल करणारा हा माणूस दिवसभर घरघराटात असायचा. घरी आला की म्हणायचा, “हिच्याशी भांडायचं तर आधी टीव्ही बंद करावा लागतो.”

दरवर्षी वैशाख पौर्णिमेच्या कार्यक्रमात वंदना सांगण्याचा मान कांताबाईंचा. त्या एकेक ओळ म्हणणार आणि बाकीचे मागून म्हणणार. कुणाच्या तरी घरी तीसचाळीस माणसं जमत होती तोवर सगळं ठीक होतं. गेल्या वर्षापासून गुदैबियातला हॉल घ्यायला लागले. तिथला माईक नुसत्या शिट्ट्या मारायचा आणि एसी एखाद्या लॉरीसारखा गुरगुरायचा. गेल्या खेपेला तिसऱ्या रांगेपासून मागच्या लोकांनी कांताबाईंच्या ओठांकडे बघून अंदाजानं वंदना म्हटली. चौथ्या रांगेत काहीजण पंचशील संपवून बसले होते, तेव्हा कांताबाई तिसऱ्या शीलावर होत्या.

मग कार्यक्रम करणाऱ्या मंडळाच्या सीमाचा फोन आला. “मावशी, रागावू नका हां. पण ह्या वेळी उल्काताईंना पुढे बसवायचं का? शुक्रवारी बघू या, अगदीच ऐकू नाही आलं तर त्या घेतील.”

उल्काताईंचा आवाज असा खणखणीत, की त्या फोनवर बोलत असल्या तर मध्ये फोन नसता तरी चाललं असतं.

“बघू,” कांताबाई म्हणाल्या.

“काय म्हणालात?” सीमानं विचारलं.

त्या दिवशी दुपारी कांताबाईंनी ऑनलाईन एक पेटी मागवली. शिक्षक वर्गात कमरेला बांधतात तसली, आवाज मोठा करणारी. कानामागून तोंडापुढे येणारा बोटभर बिनतारी माईक तिच्यासोबत. तीच पेटी आता कुठल्याशा परक्या दारात बसली होती.

यादवराव जेवायला आले तेव्हा कांताबाई कंपनीच्या चॅटशी झगडत होत्या. चॅट विचारत होतं, पार्सल खराब अवस्थेत मिळालं का? हो किंवा नाही.

“नाही दाब ना,” यादवराव म्हणाले.

“नाही म्हटलं तर चांगल्या अवस्थेत मिळालं असं होतं. हो म्हटलं तर खराब मिळालं असं होतं. दोन्ही खोटं आहे.”

“मग काय करणार?”

कांताबाईंनी शांतपणे टाईप केलं, की पार्सल दुसऱ्या कुणाच्या तरी दारात आहे, तुमच्याच फोटोत दिसतंय. चॅटनं लगेच उत्तर दिलं, की आपलं पार्सल दारात ठेवलेलं आहे, सेवेची संधी दिल्याबद्दल आभार.

“पण होतं काय त्यात?”

कांताबाईंनी सांगितलं.

“काय?”

त्यांनी पुन्हा सांगितलं.

“अगं, जरा मोठ्यानं बोल की.”

“आवाज मोठा करायची पेटी,” कांताबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. यादवरावांनी हसू दाबायला ताटातली काकडी तोंडात घातली. मग बायकोचा उतरलेला चेहरा त्यांना दिसला, आणि ते चष्मा लावून फोटो बघायला बसले.

फिकट हिरवं दार. एक पायरी. पायरीशेजारी स्टुलावर मोठं स्टीलचं ताट, त्यावर मलमलचा तुकडा. तुकड्याचं एक टोक उडालं होतं आणि खाली काहीतरी पिवळंधमक चकाकत होतं. यादवरावांनी बोटांनी फोटो मोठा केला.

“हळद वाळत घातलीये का?”

कांताबाई वाकल्या. “साटं आहेत,” त्या म्हणाल्या. “आंब्याची साटं.”

गुहागर तालुक्यात वाढलेल्या बाईला हे सांगायला चष्मा लागत नाही. आंब्याचा रस ताटात पसरायचा, उन्हात ठेवायचा, वाळला की वर आणखी रस. मुहर्रकच्या उन्हात साटं घालणारं घर कोकणातलंच असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या छत्री घेऊन निघाल्या. दारं बघत बघत दोन गल्ल्या झाल्या. तिसऱ्या गल्लीत, एका जुन्या घराच्या अंगणाला लागून असलेल्या बिऱ्हाडाच्या पायरीशी स्टूल दिसलं, ताट दिसलं. कालच्यापेक्षा साटं जाड झाली होती. आणि आतून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज येत होता, “अम्मी, भातावर कालवण घालू का?”

दार शमानं उघडलं. पस्तिशीतली बाई, ओढणी कमरेला खोचलेली, कानामागून तोंडापुढे बोटभर माईक. पेटी मात्र तिच्या कमरेला नव्हती. ती आत पलंगावर, एका म्हातारीच्या कुशीत होती.

कांताबाईंनी फोटो दाखवला, मेसेज दाखवला, आपलं नाव सांगितलं. शमा आधी गोंधळली, मग तिनं कपाळावर हात मारला.

“मावशी, आईशपथ मला ठाऊक नव्हतं. वरचा कागद अम्मींनीच फाडून टाकला. मला वाटलं आमच्यांनी मागवलं. मी दुकानात फोन केला, मुनाफ, तुम्ही अम्मींसाठी काही मागवलंत का? तर म्हणाले, हो, मीच.”

“त्यांनी मागवली होती?”

“कसली मागवतायत. अम्मी खूष झाली म्हटल्यावर मागवली म्हणाले. रात्री आले तर चार वेळा विचारलं, पेटी कशी वाटली अम्मी, पेटी कशी वाटली. कालपासून घरात नुसते मिरवतायत.”

ही शमाची सासू, खदिजाचाची. दाभोळची. ऐंशी ओलांडलेली, दोन्ही कान गेलेले. कानात घालायचं यंत्र मुनाफनं दोनदा आणलं, पण कानात किडा शिरल्यासारखं होतं म्हणून चाचीनं दोन्हीही उशीखाली ठेवून दिली. ही पेटी मात्र मांडीवर बसत होती. कानाला लावली की सून काय बोलते ते कळत होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा काल म्हातारी जेवताना हसली, असं शमा सांगत होती.

कांताबाईंच्या मनात त्या क्षणी कसलाही उदार विचार नव्हता. त्यांना त्यांची पेटी हवी होती. न दिलेलं घ्यायचं नाही हे शील त्या रोज घेत. पण ही तर त्यांचीच वस्तू, नाव त्यांचं, शुक्रवारही त्यांचाच. त्या म्हणाल्या, “ती माझी आहे.” चाचीला अर्थातच ऐकू गेलं नाही. तिनं सुनेकडे पाहिलं. शमानं माईक तोंडापाशी नीट केला, आणि तिचा नाइलाज पेटीतून मोठा होऊन बाहेर पडला, “अम्मी, ह्या म्हणतायत, पेटी ह्यांची आहे.”

चाचीनं वाद घातला नाही. पेटीवरून एकदा हात फिरवला, ओढणीच्या टोकानं ती पुसली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली. दुसऱ्याचं मूल परत देताना बाई त्याचं तोंड पुसून देते, तसं.

पुढे झालेला हात कांताबाईंनी मागे घेतला.

“राहू दे,” त्या शमाला म्हणाल्या. “आता मी दिली.” आणि मग पलंगाच्या कडेवर टेकल्या. “शुक्रवारचं मात्र अवघड झालं.”

शमानं सगळं विचारून घेतलं आणि पेटीतून सासूला सांगितलं. चाची ऐकून चकित झाली.

“मग मोठ्यानं बोल की, बाय.”

“मोठ्यानं बोललं की कठोर होतं, चाची.” हेही शमालाच पोचवावं लागलं.

“कोण म्हणतं? दाभोळच्या जेटीवर उभी राहून मी पलीकडच्या होडीवाल्याला बोलवायची. अख्खी खाडी मध्ये. त्याला शिव्या देत नव्हते मी, हाक मारत होते. त्याला कधी राग आला नाही. आला तर होडी घेऊन आला.”

पलीकडचा काठ म्हणजे गुहागरकडचा, कांताबाईंचाच. लहानपणी दाभोळकडून येणाऱ्या हाका त्यांनीही ऐकल्या होत्या. त्यात एखादी चाचीची असेलही.

“उद्या संध्याकाळी गच्चीवर ये,” चाची म्हणाली. “मी पेटी बंद करून बसते. मला ऐकू आलं म्हणजे कुणालाही येईल. माझ्यासारखा बहिरा तुला आख्ख्या बहरीनमध्ये मिळायचा नाही.”

मग तीन संध्याकाळी गच्चीवर शिकवणी झाली. चाची एका टोकाला खुर्चीत, पाठ करून, हातात तसबीहची माळ. कांताबाई दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी. नियम साधा होता. ऐकू आलं नाही की चाची हात वर करणार. पहिल्या दिवशी चाचीनं हात वर केला तो खाली घेतलाच नाही. शेवटी दुखायला लागला म्हणून दुसरा वर केला. दुसऱ्या दिवशी तिनं उठून कांताबाईंच्या पोटावर बोट ठेवलं, “हितनं काढ. गळा नुसता दरवाजा आहे.” मशिदीतून अजान झाली की दोघी थांबत, चहा घेत, पुन्हा सुरू करत. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली आणि कबुतरांचा मालक डोकं बाहेर काढून “खैर, खैर?” म्हणजे सगळं ठीक ना, असं विचारून गेला. चाचीचा हात मात्र वर होता तो वरच.

“कबुतरं उडाली ना,” यादवराव घरी धीर देत म्हणाले.

“कबुतरं पंचशील घेत नाहीत,” कांताबाई म्हणाल्या.

इकडे त्यांनी चॅटवर प्रामाणिकपणे कळवलं होतं, की पार्सल मिळालं, दुसरं पाठवू नका. चॅटनं दिलगिरी व्यक्त केली आणि दुसरं पाठवलं.

ते शुक्रवारी सकाळी नेमकं आलं. कांताबाई पांढरी साडी नेसून तयार, यादवराव खिरीचं पातेलं घेऊन जिन्यात. डिलिव्हरीवाला ह्या खेपेला बरोबर दारात उभा होता, हातात फोटोतल्याएवढाच खोका.

यादवरावांनी पातेलं खाली ठेवलं. “कांता, घे. आता तर ते स्वतः देतायत.”

कांताबाईंनी खोक्याकडे पाहिलं. दीड तासात उल्काताई पहिल्या रांगेत येऊन बसणार होत्या. खोका उघडायला दोन मिनिटं, पट्टा बांधायला एक.

“हरवलं असं समजून देतायत,” त्या म्हणाल्या. “हरवलं नाही, हे मला माहीत आहे.” मग डिलिव्हरीवाल्याला हिंदीत सांगितलं, “भैया, हमारा मिल गया. ये वापस ले जाओ.”

“मॅडम, मफी प्रॉब्लेम, कोई बात नही. रख लो.”

“नही भैया.”

“क्या बोला?”

“नही,” कांताबाई म्हणाल्या, आणि तो शब्द जरा पोटातून आला. डिलिव्हरीवाला एक पायरी खाली उतरला. यादवरावांनी पातेलं उचललं आणि वाटेत गाडीत पुन्हा तो विषय काढला नाही.

हॉल भरला होता. एसी गुरगुरत होता. उल्काताई पहिल्या रांगेत पुस्तिका उघडून, घसा साफ करून बसल्या होत्या. अगदी शेवटच्या रांगेत शमाच्या शेजारी खदिजाचाची, मांडीवर पेटी, बंद केलेली. सीमानं मेणबत्त्या लावल्या आणि कांताबाईंना खूण केली.

कांताबाईंनी मागच्या रांगेकडे पाहिलं. पोटावर हात ठेवला. मधली माणसं दिसेनाशी झाली, मध्ये पाणीच पाणी, आणि पलीकडे एक होडी बांधलेली.

“नमो तस्स,” त्यांनी हाक घातली.

उल्काताईंच्या हातातली पुस्तिका पडली. दीडशे माणसं एकदम मागून म्हणाली. कांताबाईंनी चाचीकडे पाहिलं. हात खाली होता. दुसरी ओळ. हात खालीच. कांताबाईंच्या पाठीत ताकद आली. त्रिशरण झालं, पंचशील झालं, एकही ओळ कुणी अंदाजानं म्हटली नाही. चौथ्या शीलाशी त्या आज रेंगाळल्या नाहीत. सरळ म्हणून पुढे गेल्या.

खीर वाटताना त्या मागच्या रांगेत पोचल्या. चाची वाटी घेऊन तोंडभर हसत होती.

“पहिल्या ओळीपासून ऐकू गेलं ना त्यांना?” त्यांनी शमाला विचारलं.

शमानं पेटीकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. “खरं सांगू, मावशी? एसी लागला तशा अम्मी झोपल्याच. मी हलवणार होते.”

कांताबाईंच्या हातातली पळी थांबली.

“पण तुमच्या तिसऱ्या शीलाला दचकून उठल्या,” शमा म्हणाली. “मला विचारायला लागल्या, होडी आली का?”

कांताबाईंनी चाचीच्या वाटीत आणखी एक पळी खीर घातली आणि काहीतरी म्हणाल्या.

“काय?” शमानं विचारलं.