अक्षता पडेपर्यंत

केरू वाजंत्र्याच्या सनईशिवाय रत्नागिरीच्या पंचक्रोशीत धड लग्न लागत नाही, असे त्या काळी लोक म्हणत. लोकांना काय, ते काहीही म्हणतात. पण केरूच्या बाबतीत ते फारसे खोटे नव्हते.

त्याचा चुलतभाऊ धाकू सूर धरायचा. सूर धरणे हे काम काय असते, ते धरणाऱ्यालाच ठाऊक. सनईवाला हवी तशी वळणे घेतो, मध्येच थांबून दम खातो, लोकांची शाबासकी खातो. सूरवाला मात्र शेजारी उभा राहून एकच एक स्वर धरून ठेवतो. गाल फुगवायचे, नाकाने श्वास घ्यायचा आणि स्वर तुटू द्यायचा नाही. लग्नघरच्या पोरी धाकूचे गाल बघून तोंडाला पदर लावत. त्याचे नाव कोणी विचारीत नसे. धाकूला त्याचे काही वाटत नसे, कारण केरूची सनई सगळ्यांत जवळून ऐकायची चैन त्याच्या एकट्याच्या वाट्याला होती.

म्हणूनच केरूचा दम आखूड होत चालल्याचे सगळ्यांआधी त्यालाच कळले. पूर्वी एका श्वासात जाणारी सुरांची लांब जागा केरू आता मध्येच तोडायचा. तोडल्यावर चोरून धाकूकडे बघायचा. लोकांना वाटायचे, वा, काय नवी तऱ्हा काढली! धाकू मात्र घाईघाईने सूर चढवून ती फट झाकायचा.

मिरकरवाड्यातल्या सुलेमान हकिमाने केरूच्या पाठीला कान लावला, थोडा वेळ ऐकले आणि म्हणाला, "केरूभाई, तुमी दोन नळ्या वाजवता. एक सोडा. दोन्ही चालायच्या नाहीत."

दुसरी नळी म्हणजे विडी. आणि केरूला घाई होती. येत्या वैशाखात त्याच्या काशीचे लग्न होते, दाभोळकडच्या घरात. आयुष्यभर लोकांच्या लेकी वाजवत सासरी पोचवल्या. आपल्या लेकीच्या पाठवणीला दुसऱ्या कोणी तोंडात सनई धरायची नाही, आपणच वाजवायची, हे त्याने काशी पाळण्यात असल्यापासून ठरवले होते. त्यापलीकडे त्याला काही नको होते.

विडी सोडणे एकट्याचे काम नव्हे, म्हणून तिघांनी एकदम सोडायचे ठरले. तिसरा बाबू, ढोलवाला. ढोल वाजवायला दम लागत नाही, तेव्हा त्याला सोडायचे काही कारण नव्हते. "तुमी दोगांनी सोडायची आनि मी समोर बसून वडायची? मंग मी मानूस कसला?" एवढे म्हणून त्याने आपली जुडी अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे भिरकावली, आणि थोड्या वेळाने गुपचूप शोधायला गेला. ती वासराने खाल्ली होती.

पण खरी अडचण निराळीच होती. मांडवात पाऊल टाकले की यजमानाने वाजंत्र्यांना पान-सुपारी आणि विडी द्यायची, हा मान. मान नाकारला की यजमानाचे तोंड लगेच वाकडे. "का रं, आमची इडी कडू लागते काय?" मग जेवणाच्या पंगतीपर्यंत कुरकुर. आता सांगा, ज्याचा धंदाच मांडवात, त्याने विडी सोडायची तरी कशी?

धाकूने डोके चालवले. उभ्या जन्मात त्याने एवढे एकदाच डोके चालवले, आणि तेच पुढे त्याला नडले. तो म्हणाला, "आपन देवीला बोल करू. नवस हाय म्हटला की कोन जबरी करनार नाय."

"आनि जन्माचा बोल केला आनि मोडला तर?" केरू घाबरला. देवीला तो फार भिऊन असे.

"जन्माचा कशाला? काशीच्या लग्नापत्तूर करू. तवर तलफ आपोआप मरंल."

झाले. जाकादेवीच्या देवळात गुरवाने गाऱ्हाणे घातले, "गे माये, ह्या तिघांनी काशीच्या डोक्यावर अक्षता पडंपत्तूर तोंडाला इडी लावनार नाय असा बोल केलेला हाय, तो तू पार पाड गे माये!" आणि तिघे हात जोडून ओरडले, "व्हय म्हाराजा!"

नवसाचे औषध मांडवात अगदी रामबाण लागू पडले. नवस म्हटले की यजमान स्वतःच कानाला हात लावत. बाकीचे दिवस काढणे मात्र कठीण. बाबू भाजलेले चिंचोके चघळून चघळून दात दुखवून बसला. केरू सनईची जिभाळी, म्हणजे फुंकायची पात, नुसतीच ओठांत धरून ओटीवर बसायचा, तेव्हा त्याची बायको मैना म्हणायची, "लेकराला दूद तोडलान तसा दिसतंय." धाकूला तर भातात, आमटीत, पेजेतसुद्धा विडीचा वास यायचा.

जो चुकेल त्याने ढोल डोक्यावर घेऊन वाडीभर फिरायचे आणि बाकीच्या दोघांनी तो मागून बडवायचा, असा दंड ठरला होता. पहिला पडला बाबू. ढोल डोक्यावर, मागे केरू आणि धाकू धुमधडाका करताहेत, आणि बाबू रडवेल्या तोंडाने सांगतोय, "एकच झुरका व्हता हो, एकच!" शेजारच्या म्हाताऱ्या येसूबाईला हसून हसून ओट्यावरच बसावे लागले. मग देवीपुढे चुकीचा नारळ फोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पुढे शिमग्याच्या धामधुमीत बाबू परत पडला. पुन्हा ढोल, पुन्हा नारळ. गुरव म्हणाला, "तुमच्या इड्यांवर माज्या घरात रोज सोलकढी व्हते. सोडू नका हां एवढ्यात!"

मग धाकू पडला. तो कोणाच्या आग्रहाने पडला नाही. समुद्रावरून वारा येत होता, काम नव्हते, शेजारच्या माणसाने पेटवली आणि याने हात पुढे केला. बस्स. घरी येऊन त्याने आपणहून ढोल डोक्यावर घेतला. पण केरूने तो खाली उतरवला.

"तुजी मान मोडंल. चल, नारळ घे."

"दादा, माज्याच्यान व्हयाचा नाय. तुमी करा."

"पडलास तर पडलास. मी सूर सोडून एकटा वाजवू काय?" केरू म्हणाला. "तू हायस म्हनून मी हाय."

धाकूला भडभडून आले. केरू स्वतः एकदाही पडला नव्हता. खोकला कमी झाला होता, तोंडावर तुकतुकी आली होती, आणि जुनी लांब जागा पुरती नाही पण बरीचशी परत आली होती. पाठवणीत ती जागा घ्यायचीच, असे तो म्हणायचा. तेव्हापासून धाकूने विडीकडे बघितले नाही. केरूने जवळ केले तसे बापानेही त्याला कधी जवळ केले नव्हते.

लग्नाचा दिवस उजाडला. दाभोळचे वऱ्हाड मचव्यातून आले. मुहूर्ताला वाजवायला शेजारगावचे वाजंत्री सांगितले होते. केरू मुलीचा बाप, तो कन्यादानाला बसला. संध्याकाळच्या भरतीवर मचवा निघायचा होता, पाठवणी तेवढी केरूची.

अक्षता पडल्या. मांडवात एकच गलका झाला, आणि त्या गलक्यातून वाट काढीत व्याही भिकाजी केरूसमोर येऊन उभे राहिले. मोठा आनंदी, मोकळा माणूस. हातात विड्यांची नवी कोरी जुडी.

"घ्या व्याही! फिटला तुमचा नवस!"

केरूचा हसरा चेहरा तसाच थिजला. धाकू पुढे झाला. "भिकाजीशेट, पाठवनी व्हवंदे. दादाला वाजवायचा हाय."

"अवो, गुरवानच सांगितलान मना. अक्षता पडंपत्तूर असा गाऱ्हाना व्हता. मंग, पडल्या न्हवं?" भिकाजी सगळ्या वऱ्हाडाकडे बघून हसले. "देवी मोकळा करते आनि तुमी अडवताव? का दाभोळच्या इडीला काय खोट हाय?"

शेवटचे वाक्य त्यांनी थट्टेत म्हटले, पण दाभोळकरांची तोंडे केरूकडे वळली. लग्न लागून घटकाही झाली नव्हती. माजघराच्या दारातून मैना डोळ्यांनी खुणावीत होती, घ्या, घ्या, पहिल्याच दिवशी वाकडेपणा नको. केरूने धाकूकडे बघितले.  पण गाऱ्हाण्यातली हद्द धाकूनेच घातलेली. काशीच्या लग्नापर्यंत म्हणताना पाठवणी लग्नानंतर येते, एवढे साधे तिघांपैकी कोणाच्या डोक्यात आले नव्हते. आयुष्य लग्ने वाजवण्यात घालवलेली माणसे! धाकूला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावेसे वाटले.

केरूने विडी घेतली. भिकाजींनी स्वतः काडी ओढली. पहिल्या झुरक्याला केरूचे डोळे मिटले, आणि त्याच्या तोंडावर जे सुख पसरले ते बघून धाकूने मान फिरवली. नंतर व्याह्यांच्या भावाचा मान, मामांचा मान. जेवणे झाल्यावर तर मान द्यायलाही कोणी लागले नाही. बाबू हळूच म्हणाला, "दादा, ढोल डोक्यावर घ्यावा लागंल हां." केरू हसला. हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली, ती लवकर थांबेना.

भरती होत आली तशी बंदरावरून हाक आली. केरूने फेटा बांधला आणि सनई उचलली. धाकूने सूर लावला, बाबूने ढोलावर हलकी थाप दिली.

आणि केरू वाजवू लागला. अहाहा! मुहूर्ताला वाजवणारे शेजारगावचे वाजंत्रीसुद्धा माना खाली घालून ऐकू लागले. काशी एकेकाच्या पाया पडत अंगणातून पुढे सरकत होती आणि सनई तिला जणू हाताला धरून नेत होती. धाकूचे डोळे भरून आले. निभावले, त्याला वाटले, देवीने निभावले.

काशी गडग्याच्या वाटेशी आली, आणि केरूने ती लांब जागा घ्यायला श्वास भरला.

श्वास आलाच नाही. सनई ओठांवर होती, बोटे भोकांवर चालत होती, पण आवाज नव्हता. केरूचे डोळे मोठे झाले, खांदे गदगदू लागले, छातीतून नुसती घरघर. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या.

"अगो बाय," येसूबाई मोठ्याने म्हणाली, "बापाचा ऊर भरून आला गो!"

झाले, सगळ्या बाया रडू लागल्या. काशी मागे धावत आली आणि बापाच्या कमरेला मिठी मारून हुंदके देऊ लागली. "बाबा, रडू नुको, बाबा!" केरूने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो रडत नव्हता, त्याचा जीव गुदमरत होता, हे त्या सगळ्या गर्दीत धाकू आणि बाबू दोघांनाच ठाऊक होते. बाबूची थाप चुकू लागली. धाकूने सूर आणखी चढवला.

तो थांबू शकत नव्हता. नवरी उंबऱ्याबाहेर पडली की बंदरापर्यंत सूर तुटायचा नाही. तुटला तर, ढोल वाजत असला तरी, मुलगी मुक्याने सासरी गेली, म्हणजे मोठा अपशकुन. केरूचा हट्ट ठाऊक असल्याने शेजारगावच्यांनी सनई उचलली नाही; आता काशीसाठी वाजत होते ते एवढेच, एक ढोल आणि त्याचा तो एकसुरी स्वर.

भिकाजींनी काशीला अलगद बाजूला घेऊन बायकांकडे दिले. त्यांचे स्वतःचे डोळे ओले झाले होते. त्यांनी केरूच्या हातातली सनई काढून घेतली, त्याला गडग्यावर बसवले आणि पाठीवरून हात फिरवला. मग खिशातून जुडी काढून एक विडी आपल्याच तोंडात पेटवली आणि केरूपुढे धरली.

"घ्या व्याही. लेकीचा दुख मोठा असतो. दोन झुरके मारा, जीव हलका व्हईल."

नको! नको, दादा! धाकूच्या छातीत शब्द उसळत होते, पण तोंडात सूर होता. बोलायचे तर सूर सोडायला हवा होता, आणि बाबूच्या ढोलामागून काशी पायवाट उतरू लागली होती. त्याने जीव तोडून मान हलवली, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा.

"बघा, धाकू कसा डोलतोय सुरात," कोणीतरी कौतुकाने म्हणाले.

केरूने हात पुढे करून विडी घेतली. धाकूने ते बघितले, आणि गाल फुगवून, नाकाने श्वास घेत, तो काशीच्या पुढे बंदराकडे चालू लागला.