जागे केलेले ब्रेक

थेंब उभा राहिला, तशी गॅरेजात दाटीवाटीने बसलेली चाळीसेक माणसं एका सुरात "वा!" म्हणाली.

गॅरेजचे मालक असलेल्या उस्तादांच्या टेबलावर एक ब्रेक-शू होता. म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून दाबून गाडी थांबवणारी लोखंडी कमान. तिच्या पाठीवर घासणारा जो जाड पट्टा असतो, ते लायनर. मघाशी उस्तादांनी याच लायनरवर पाणी सोडलं, तेव्हा ते गपकन पिऊन मोकळं झालं होतं. मग उस्तादांनी फडक्याला हात पुसले, डोळे मिटले, लायनरवरून उजवा तळवा बराच वेळ फिरवला. आता तेच पाणी टपोरे गोल थेंब होऊन वर बसलं होतं.

"झोपलं होतं," उस्ताद हलकेच म्हणाले. "कारखान्यातून निघतं तेव्हा जागं असतं. मग गोदामात, दुकानदारांच्या हावरट हातांत पडून पडून झोपतं. झोपलेलं लायनर पाणी पितं, आणि पाणी पिणारं लायनर उतारावर दगा देतं. जागं झालं की थेंबालाही शिवू देत नाही!"

झोपलेलं लायनर घोरतं का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

जमलेली माणसं काही अगदीच बावळट नव्हती. सगळ्यांकडे एकाच जातीच्या जुन्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या जीपगाड्या होत्या. कंपनीने ते मॉडेल बंद करून वीस वर्षं झाली होती. अस्सल भाग मिळेनासे झाले होते, आणि नकली माल इतक्या झकास खोक्यात यायचा की खोकंच गाडीला लावावं असं वाटे. हे घ्यावं की ते, या काळजीने सगळे बेजार झाले होते. ती काळजी उस्ताद चाकामागे पैसे घेऊन एका तळव्याने मिटवत होते.

आणि यातली निम्मी माणसं कासवाने आणली होती.

कासव म्हणजे डोंगरावरच्या वस्तीचा जीपवाला. गाडी जपून चालवतो म्हणून हे नाव पडलं आणि त्यालाही ते आवडायचं. विसाव्या वर्षी उस्तादांनी त्याला हाताशी घेतलं, पाना कसा धरायचा इथपासून सगळं शिकवलं. वडील गेले तेव्हा खांद्यावर हात ठेवून उभे राहिले ते उस्तादच. "उस्ताद म्हणाले ना, मग झालं," हे कासवाचं ठरलेलं वाक्य होतं. त्या दिवशी त्यानेही आपल्या चारही चाकांची नवी लायनरं जागी करून घेतली आणि स्वतःच्या हाताने बसवली.

मंगळवारी त्याने ताईला गाडीत घातलं. ताई त्याची थोरली बहीण. तिच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तिला खाली इस्पितळात डायलिसिसला न्यावंच लागे. वस्तीच्या त्या रस्त्यावर दुसरी गाडी चढतही नव्हती. ताईचा जीव त्या चार चाकांवर होता.

पहिली दोन वळणं ठीक गेली. लांब उतार सुरू झाला आणि तिसऱ्या वळणाआधी कासवाने ब्रेक दाबला. पेडल पायाला टणक लागलं, पण गाडी थांबेना. त्याने खटकन खालचा गिअर टाकला आणि जीप डोंगराच्या बाजूच्या मातीला घासत नेली. ती थांबली तेव्हा ताईच्या कपाळातून रक्त येत होतं.

"कासवा," ती म्हणाली, "आज ससा झालास रे!"

तिचं हसणं ऐकून त्याला रडू फुटलं. त्या दिवशीचं डायलिसिस चुकलं. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी तिला खुर्चीत बसवून खाली उतरवलं, तोवर तिचे पाय सुजून खांब झाले होते.

कासव थेट उस्तादांकडे गेला. उस्तादांनी चार माणसांदेखत विचारलं, "गाडीत कोण होतं?"

"ताई होती."

"आजारी माणूस!" उस्तादांनी मान हलवली. "आजारपणाची छाया पडली की लायनर पुन्हा झोपतं. तू आधी बोलायचंस. आण परत, जागं करू."

आणि खोटं कशाला सांगायचं, कासवाला ते क्षणभर पटलंसुद्धा! घरी येऊन त्याने ते चाचरत ताईला सांगितलं.

"म्हणजे गाडी माझ्यामुळे घसरली?"

"मी नाही म्हणत, उस्ताद म्हणाले..."

"चाक उघड," ताई म्हणाली.

ताईने तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काढली होती. प्रयोग मास्तर दाखवायचे, फसला की निस्तरायची ताई. तिने ड्रममधून निघालेलं लायनर नाकाशी धरलं.

"मेणाचा वास येतोय."

"काहीतरीच काय! मेण कुठून येणार?"

तिने शिल्लक असलेल्या कोऱ्या लायनरच्या अर्ध्या भागावर मेणबत्ती घासली, अर्धा तसाच ठेवला आणि दोन्हीकडे पाणी सोडलं. कोऱ्या भागाने पाणी पिऊन टाकलं. मेणाच्या भागावर टपोरे गोल थेंब उभे राहिले.

कासव त्या थेंबांकडे बघतच राहिला. उस्तादांनी त्याला दिलेला पहिला धडा त्याच्या कानात वाजू लागला. लायनरला तेलकट बोट लावायचं नाही. आधी हात साबणाने धुवायचे. पकड जाते.

त्याला हे ठाऊक होतं. तो तळवा फिरताना त्याने डोळ्यांनी पाहिला होता, आणि तरी त्याचं डोकं चाललं नव्हतं, कारण तो तळवा उस्तादांचा होता. उस्तादांइतकाच त्याला स्वतःचाही राग आला.

उस्तादांच्या पुढच्या बैठकीच्या दिवशी शेजाऱ्यांनी ताईला पुन्हा खुर्चीतून खाली उतरवलं आणि कासव तिला गॅरेजात घेऊन गेला. उस्ताद डोळे मिटणार, एवढ्यात तो उभा राहिला.

"उस्ताद, पहिला धडा तुम्हीच दिला होता. हात साबणाने धुऊन या. मग जागं करा."

"अरे, साबणाने शक्ती जाते," उस्ताद हसले.

"साबणाने जाते ती कसली शक्ती?" ताई पुढे झाली. उस्तादांचं फडकं उचलून तिने हुंगलं, त्यालाच हात पुसले, एका कोऱ्या लायनरवर तळवा फिरवला आणि पाणी सोडलं. थेंब उभा राहिला.

"बघा," ती म्हणाली, "मलाही सिद्धी मिळाली! फरशी चकाकवायचं मेण आहे हे. फडक्यात मुरवलंय. पाणी उभं राहतं, कारण मेण त्याला आत शिरू देत नाही; पण मेणाने लायनर गुळगुळीत होतं, आणि गुळगुळीत ब्रेक गाडी धरत नाही. उतारावर तापला की हेच मेण वितळतं."

कुणी हसलं नाही. जो तो आपापल्या गाडीत कोण बसतं ते आठवत होता.

"ताई माझ्या गाडीत बसते, हे तुम्हाला माहीत होतं," कासव म्हणाला.

उस्तादांनी मान खाली घातली. मग अगदी जुन्या मायेच्या सुरात म्हणाले, "म्हणून तर तुझ्या लायनरला थोडंच लावलं होतं रे."

म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. कोणाला किती लावायचं हेसुद्धा. गाडी घसरली तेव्हा कासवाचं काळीज इतकं तुटलं नव्हतं.

गॅरेज त्याच दिवशी बंद पडलं, पण ताईचा पुढचा मंगळवार कुणासाठी थांबणार नव्हता. कासवाने बाजाराच्या मागच्या गल्लीत एक बाई शोधून काढली. ती जुन्या कमानींवर मोजून नवं लायनर ठोकून द्यायची. तिने ड्रम मागवला, त्याचा व्यास घेतला, लायनर कुठे टेकतं ते खडूने घासून दाखवलं.

"चांगलं आहे ना?" कासवाने विचारलं.

"माझ्या शब्दावर जाऊ नका," बाई म्हणाली. "आधी सपाटीवर चालवा. मग गाडीत दगडांची पोती भरून छोट्या उतारावर. माणूस शेवटी."

इतकी कोरडी बाई कासवाला आयुष्यात भेटली नव्हती, आणि इतका आधार कुणाचा वाटला नव्हता. लायनर बसवण्याआधी तो नळाखाली बसून कोपरापर्यंत हात धूत राहिला. धडा खरा होता, देणाऱ्यानेच तो विकून खाल्ला होता. डोळ्यांतलं पाणी पुसायला त्याचे हात मोकळे नव्हते.

मंगळवारी पोती उतरली आणि ताई चढली. तिसऱ्या वळणावर जीप थांबली, पुन्हा निघाली.

तुमच्याही वस्तूवर कुणी हात फिरवून ती जागी करून देतो म्हणाला, तर तो कितीही जवळचा असो, त्याला आधी हात धुऊन यायला सांगा. खरा असेल तर तो लगेच उठून नळाकडे जाईल.