मेथीतला रेडिओ

१९६४ची दिवाळी जवळ आली होती. माझा मुलगा सूर्यभान तेव्हा अमरावतीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होता. त्याने आपल्या हाताने एक ट्रान्झिस्टर रेडिओ जुळवला होता. आतले सामान मुंबईहून टपालाने आणवलेले, पेटी शेजारच्या सुताराने केलेली. त्यावर पहिल्यांदा नागपूर केंद्र लागले तेव्हा मी बाजेवरून उठून उभाच राहिलो. वच्छलाला, माझ्या बायकोला, जाऊन नऊ महिने झाले होते. तेवढ्या दिवसांत आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलले नव्हते.

अकोल्याला मोरोपंतांचे रेडिओचे दुकान होते. त्यांनी कळवले, आणून दाखवा, पसंत पडला तर दिवाळीसाठी पाच घेऊ. सूर्यभानला रेडिओचा कारखाना काढायचा होता. पंत नाही म्हणाले तर हा नाद सोडून कारकुनीचा अर्ज करायचा, असे त्याचे त्यानेच ठरवले होते.

अकोल्याच्या एसटीत बसल्यापासून त्याचे सुरू झाले.

"बाबा, नाव नसलेला रेडिओ कोन घेईन?"

"मेथीवर कोनाचं नाव रायते? लोक घेतेतच ना."

"मेथी बिघडली तं कोनी परत आनून देत नाही."



रेडिओ माझ्या पायाजवळच्या टोपल्यात होता. रस्त्याचे धक्के लागू नयेत म्हणून मीच तो मेथीच्या जुड्यांत बसवला होता, वर गोणपाट टाकला होता. मेथी आमच्या मळ्यातली, पंतांच्या घरी द्यायची होती. मूर्तिजापूरला गाडी थांबली. ऊन चढले होते. सूर्यभान चहाला उतरला. मी नळावरून लोटा भरून आणला आणि पाणी टोपल्यावर मारले. मग अजून एक लोटा. भाजीवर पाणी मारायचे काम वच्छलाचे. ती गेल्यावर ते माझ्याकडे आले आणि मी ते कधी चुकवत नसे.

अकोल्यात सूर्यभानने रेडिओ पंतांच्या टेबलावर ठेवला, बटण फिरवले. आवाज नाही. पेटीखालून पाणी ओघळून टेबलावर आले.

पंतांनी चष्मा वर केला. "हे काय?"

"म्या पानी मारलं," मी म्हणालो. "मेथी सुकून राहिली होती."

सूर्यभान माझ्याकडे बघत राहिला. "किती?"

"दोन लोटे."

"दोन?"

त्याने पंतांचा पेचकस मागून घेतला आणि दुकानाच्या पायरीवर उन्हात बसला. पेटी उघडली. माझ्या दुपट्ट्याने एकेक भाग टिपला, सेल बदलले, एक तार सुटली होती ती जोडली. मी दुपट्ट्याने वारा घालत होतो. माणसे जमली. हे काय, ते काय, विचारू लागली. तो हात न थांबवता प्रत्येकाला सांगत होता. सकाळची धास्ती त्याच्या तोंडावर कुठे दिसत नव्हती. तासाभराने खरखर झाली, आणि आतून एक बाई गाऊ लागली.

पंत बाहेर आले. "माझ्याकडे कंपनीचे तीन रेडिओ बंद पडून आहेत. मुंबईला पाठवले की महिना जातो. तुझा बिघडला तर तू येशील?"

"दुसऱ्या दिवशी येईन."

"मग पाच नको, आठ दे. आणि पोचवायला येशील तेव्हा बाबांना घरी ठेव."

रेडिओ पंतांनी नमुना म्हणून ठेवून घेतला. परतीच्या गाडीत सूर्यभान वहीत लिहीत होता.

"बाबा, सुताराले आजच सांगा लागते. आठ पेट्या."

"सांगू."

"पुढच्या बारीनं मळ्यातल्या शेवंतीच्या पोत्यात बसवू. कोरड्या."

"हो रे लेका."

मूर्तिजापूरला मी लोटा भरून आणला. टोपले रिकामे होते. तरी सूर्यभानने लिहिणे थांबवून ते उचलले आणि आपल्या मांडीवर घेतले. मी पाणी प्यालो, उरलेले त्याला दिले.